बारदाना वजा जाता

दवाखान्यातला काटा दीडशेला थकला.
नर्स म्हणाली, काका, याच्यापुढे हा दाखवत नाही.
सत्तावीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात
दुसऱ्यांच्या मालाचं वजन पुकारत आलोय,
काटा कधी गप्प बसतो मला माहीत आहे.

पहाटे चारला गाळ्यावर गेलो.
दोन गाड्या उतरत होत्या.
बबन ढेबेला म्हटलं, मला चढव काट्यावर.
त्याने आधी इकडेतिकडे बघितलं,
मग सवयीनं ओरडला,
एकशे अडुसष्ट, चारशे!
आणि लिहिणाऱ्या पोरानं सवयीनंच विचारलं,
बारदाना किती वजा करू?

सगळे हसले.
मीही हसायला गेलो, तर दम लागला,
पोत्यावर बसून राहिलो उजाडेपर्यंत.

रात्री मापाडी शालन.
घोरणं तुटलं की ती मोजायला लागायची,
अठरा, एकोणीस, वीस…
बाविसाला कोपर.
घुसमटून उठायचो आणि तिच्यावरच खेकसायचो,
झोपू दे की जरा.
छातीला, डोक्याला वायरी लावून तपासलं,
तासाला बासष्ट वेळा श्वास थांबतो, निघालं.
शालन एवढंच म्हणाली,
मी एका रात्री चाळीसपर्यंत मोजलं होतं,
हात उचलत नव्हता माझा.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर हृदय दाखवलं.
शेवटच्या गाडीवरचा हमाल जसा
पोतं उचलतो, न उचलल्यासारखं,
तशी उघडझाप.
पस्तीस टक्के, म्हणाल्या.
बाजारात आवक पस्तीस टक्क्यांवर आली की भाव चढतो.
इथं तसं नव्हतं.

पोट कापून केळ्याएवढं ठेवलं.
उरलेल्याचं काय केलं, मी विचारलं नाही.
शालननं विचारलं.

मग औषधाच्या टोपणानं पाणी, घोट घोट, दिवसभर.
भूक नव्हती. हाताला काम नव्हतं.
रविवारी शेजारी मटण शिजायचं
आणि मी गॅलरीत जाऊन
पाम बीचकडून येणाऱ्या हवेला तोंड द्यायचो.
केस गळाले. गाल बसले.
बाजारात कुणी हळूच कॅन्सर म्हणालं,
कुणी म्हणालं, आयता बारीक झाला.
आयता.
हा शब्द अजून काट्यावरच आहे.

नऊ महिन्यांनी एकशे सोळा, दोनशे.
बबननं यावेळी हळू आवाजात सांगितलं.
पायांची सूज गेली, चपलेचा पट्टा दोन भोकं आत आला.
हृदय अठ्ठेचाळीसवर,
डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्या चालू ठेवा, उड्या मारू नका.
नाकावरचं मशीन अजून आहे,
पण त्याचा आवाज आता खोलीत एकटाच असतो.
शालन तरी जागी होते.
एक, दोन… आणि मी चालूच.
कशाला मोजतेस, म्हटलं.
म्हणाली, सुटत नाही.
सुट्टीच्या दिवशी माझ्याही तोंडात आकडे येतातच.

आंघोळीला बसलो की पोटाची कातडी
ओल्या रिकाम्या पोत्यासारखी मांडीवर पडते.
हाच तो बारदाना.
मी तो घडी घालतो, पुसतो, सदऱ्यात भरतो.

कोपरखैरण्याला आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही.
पूर्वी पहिल्या मजल्यावर मी चप्पल झटकायचो, उगाच.
दुसऱ्यावर चिकणेकाकींच्या दारात थांबायचो,
पाणी आलं का, गुडघा काय म्हणतो,
नातू कुठवर आला?
दम लपवायच्या चौकश्या सगळ्या.
त्यांना वाटायचं, माणूस मायाळू.

परवा एका दमात चढून गेलो
तर मागून हाक,
काय हो मापाडी, राग आलाय का? हल्ली थांबत नाही.

चार पायऱ्या खाली आलो. कठड्याला टेकलो.
नातू कुठवर आला, विचारलं.
अहो, तो पोलिसात लागून दीड वर्ष झालं,
तुम्हाला इथंच पेढा दिला होता,
तुम्ही अरे वा म्हणालात.

म्हणालो असेन.
तेव्हा कानात माझाच श्वास असायचा.